बॉनेटवरची पट्टी

रिब्निकच्या गॅरेजांच्या रांगेत, गाळा नंबर एकेचाळीस.
वडिलांनी काळ्या ओपेलच्या बॉनेटवर मधोमध
चिकटपट्टी मारली,
भावाभावांत बांध घालावा तशी.

डावीकडे त्यांचा डबा : सुपरमार्केटातला, एकोणीस झ्लॉटी,
झाकण वाकलेलं.
उजवीकडे डेनिसचा : डॉर्टमुंडहून आणलेला, दोनशे साठ,
मखमली पिशवीत, सोबत कापड, सोबत पत्रक,
ब्राझीलमधल्या कुठल्याशा ताडाच्या
पानांवरून झाडलेलं मेण.
"डब्याला पिशवी कशाला?" वडील म्हणाले.
"थंडी वाजते का त्याला?"

माझा नवरा हसला नाही.
लग्नाला चार वर्षं झाली होती
आणि या दोघांना बोलायला
एवढी एक गाडी सापडली होती.
मी झारी धरून उभी.

डेनिसनं मेण लावलं ते बोटाच्या टोकानं,
बाळाच्या टाळूला तेल लावावं तसं.
वडिलांनी कोपरापासून, गिलावा केल्यासारखं.
मग पट्टी काढली.
डावी बाजू चकाकली.
उजवी खोल गेली,
ट्यूबलाइट तिच्यात बुडालेली दिसत होती.
फरक वडिलांनाही दिसला.
ते म्हणाले, "ट्यूब जरा उजवीकडेच आहे."

झारी कलली.
डावीकडे थेंब मसुरासारखे, पसरट.
उजवीकडे मोहरी, आणि मोहरीसारखेच पळणारे.
वडिलांनी वही काढली, दर रविवारी एक नोंद.
तिसऱ्या रविवारी, चिमण्यांचा धूर गाडीवर बसून गेल्यावर,
दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या.
त्या दिवशी डेनिसला बिअर मिळाली.

सहाव्या रविवारी डावीकडे पाणी
बसकण मारून बसलं,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.
उजवीकडे अजून धावत होतं.
वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : उजवी.
खाली रेघ मारली. पेन्सिल मोडली.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले, कुणालाच नाही,
"खाली छतातून गळायचं.
कोट द्यायचे. पहिल्या तासातच
आमच्याआधी कोट पाणी प्यायचा.
नवा काय, जुना काय."
डेनिसच्या हातातलं कापड थांबलं.

तेवढ्यात मळ्यातून गिझेला आली, सायकलवर,
टोपलीत कोबी.
सहा आठवडे ती भिंतीपलीकडून हे ऐकत होती.
तिनं गड्डा बॉनेटवर ठेवला.
"झारी दे गं."

पानावर थेंब उभा राहिला. पुरा गोल.
त्याच्या आतून पानाची एक शीर
मोठी होऊन दिसत होती.
मग तो घरंगळला,
मागे ओलीची खूणही नाही.
"याचा डबा केवढ्याला, एर्विन?"

डेनिसनं डोळे पत्रकात घातले.
वडील खाली वाकले.
कोळसा मुरून निळा पडलेला अंगठा
त्यांनी पानावर घासला, सावकाश, दोनदा.
राखाडी सायीसारखं काहीतरी निघून आलं
आणि पान हिरवंगार, लखलखीत झालं.
"आता ओत."

पाणी पसरलं.
पान चमकत होतं, आणि भिजत होतं.

कुणी काही बोललं नाही.
गिझेलाही नाही, आणि हे तिच्या स्वभावात नाही.
वहीत तिसरा रकाना आखला गेला : कोबी.
पण त्यात काय लिहावं हे त्यांना सुचेना,
पेन्सिलीला टोकही नव्हतं.
मग त्यांनी मखमली पिशवीकडे बोट केलं.
"उरलंय का त्यात?"
"अर्धं आहे."
"माझ्या बाजूलाही लाव मग. पण जोर लावून."

कोबी आम्ही रात्री खाल्ला, जिरं घालून.
गाडी अजून आहे.
पट्टी होती तिथे बॉनेटवर एक बोटभर रेघ राहिली,
तिला एकोणीसचं लागलं नाही, दोनशे साठचंही नाही.
दोघांपैकी कुणीच ती भरत नाही.
धुऊन झाल्यावर पाणी
तिथेच थांबतं.