पावतीवर नाव नको

ताडवाडीच्या कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान आहे.
आमच्या मंडळीतले लोक इथे खोकल्याचं औषध घेतात,
बाम, डायपर, बी.पी.च्या गोळ्या.
त्या दुसऱ्या गोळ्यांसाठी ते दादर गाठतात,
जिथे त्यांना कुणी जय ख्रिस्त म्हणणार नाही.
आणि दादरची माणसं माझ्याकडे येतात,
गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत सारून.
म्हणतात, बाई, पावतीवर नाव नको.

रविवारी मी तिसऱ्या बाकावर असते.
साक्षीला एकेक जण उभा राहतो:
अंधार होता, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, गेला.
हालेलुया, म्हणते मंडळी. मीही म्हणते.
खोटं नसतं ते.
पण गाताना कुणाचे ओठ सुकतात,
प्रभुभोजनाचा प्याला घेताना कुणाची बोटं थरथरतात,
ते मला दिसतं. धंद्याची खोड.

माझा भाऊ अमोस गोदीत कारकून.
एका पावसाळ्यानंतर तो उठेचना.
दाढी वाढली, डबा तसाच परत यायला लागला,
मग डबा न्यायलाही कुणी उठेना.
केतुरा आत्या म्हणाली, आत लपवलेलं पाप असणार, कबूल कर.
त्यानं रात्रभर शोधलं.
सापडली बावीस वर्षांपूर्वीची एक छत्री,
चर्चच्या व्हरांड्यातून उचललेली, काळी, मोडक्या मुठीची.
दुसरं काही सापडेना
म्हणून लहान मुलासारखा रडला.
मग मालाडहून दोन बंधू आले,
कपाळाला तेल लावून आत्म्याला बाहेर हो म्हणून ओरडले इतके,
की खालचे बोहरी आजोबा जिना चढून आले,
विचारलं, कुणी पडलं का?
कुणी म्हणालं, ज्याच्यावर देवाची माया, त्यालाच तो तावून बघतो.
कुणी म्हणालं, विश्वास मोहरीएवढा पुरतो,
आणि अमोसकडे असं बघितलं
जसं वाण्याकडे उधारी मागणाऱ्याकडे बघतात.

आणि मी? फार्मसीची डिप्लोमाधारी मी
तीन शुक्रवार उपास धरले.
गोळी तिसऱ्या फळीवर होती, डावीकडे,
स्टूल न घेता हात पोचेल इतक्या उंचीवर.
हे मी कुठल्या सभेत कबूल करायचं,
अजून ठरलेलं नाही.

पाळकबाई आल्या एका मंगळवारी.
शांतवनबाई भांबळ. हातात डबा, बायबल नाही.
पायाचा रस्सा, दोन भाकरी.
अमोसच्या उशाशी बसून त्यांनी भाकरी कुस्करली,
म्हणाल्या, एक संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपला होता,
देवदूत आला तो काय घेऊन? भाकर आणि पाणी.
खा म्हणाला. मग झोपू दिलं. मग परत खा म्हणाला.
उपदेश कितीतरी दिवसांनी, डोंगरावर गेल्यावर.
घे, तोंड उघड.

मग माझ्याकडे वळल्या:
उद्या केईएम. लवकर निघायचं, केस पेपरची रांग वाढते.
गेलो.
कुठली खिडकी, कुठला जिना,
कुठल्या बाकावर पंखा लागतो,
कुठल्या डॉक्टरीणबाई घाई करत नाहीत,
सगळं त्यांना पाठ होतं.
मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
आम्ही दोघी अमोसच्या दोन्ही बाजूंना बसलो,
चपला मोजत.

बरं कुणी केलं ते मला विचारू नका.
प्रार्थना मी सोडली नाही,
हल्ली पाकिटावर हात ठेवूनही करते.
अमोस काही रविवारी येतो, काही रविवारी नाही.
इस्टरनंतर एकदा साक्षीला उभा राहिला.
सगळे थांबले.
मला आता भूक लागते, म्हणाला, आणि बसला.
पुढे काही येईल म्हणून मंडळी वाट बघत राहिली.
हालेलुया एकट्या पाळकबाई म्हणाल्या,
तेही हळू, पदर नीट करत.

दादरची माणसं अजून येतात, दुकान बंद व्हायच्या वेळेला.
मी पट्टी जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधते,
नाव लिहीत नाही.
पैसे सुटे देताना एवढंच म्हणते,
रिकाम्या पोटी नका घेऊ.
आधी चार घास खा.