एका कान्याचं काम

डिसेंबरात आमच्या छापखान्याला रात्र नसते.
सिव्हिल लाइन्सच्या झाडांमागे दिवे,
मुंबईहून उतरलेल्या ट्रकभर फायली,
पुरवणी मागण्या, तक्ते, शुद्धिपत्रं
आणि त्या शुद्धिपत्रांची शुद्धिपत्रं.
कुहीकर मोठ्यानं वाचतो, मी कच्च्या प्रतीवर पेन्सिल फिरवते.
स्वल्पविरामसुद्धा तो उच्चारतो.
बावीस वर्षं झाली,
घरी बायकोशी बोलतानाही, म्हणे,
वाक्य संपलं की पूर्णविराम म्हणतो.

पान एकोणीस. कर्जाचा गोषवारा.
शून्य, शून्य, शून्य,
पाचव्या शून्याला त्याला खोकला येतो,
मग पुन्हा पहिल्यापासून.
मी बोट ठेवून मोजते. एक जरी सुटलं
तर जाब मलाच विचारतील,
कर्ज ज्यानं काढलं त्याला नाही.

पान वीस. विशेष क्षेत्र, खापरीच्या पुढचं.
भूखंड सत्तावन्न. मुद्रांक शुल्क माफ,
वीज शुल्क माफ, दहा वर्षं झाली म्हणून
आणखी दहा.
कुहीकर थांबतो. चष्मा काढतो.
"माहा जावई थ्याच पलाटावर चौकीदार हाये, मॅडम.
गवत हाये कमरेइतकं. एक पाटी हाये.
तिलेच राखते तो, रातभर."
आणि जरा वेळानं,
"माह्या आडनावात जनमापासून कर हाये,
थो नाई कोनं माफ केला."
स्वल्पविराम.

पुढची ओळ:
सदर प्रकल्पास सर्व उपकारांतून सूट.

उपकर हवं. कोणाचं तरी बोट घसरलं,
काना जास्तीचा पडला.
मी पेन्सिल टेकवली आणि तशीच राहिले.
खरं म्हणजे चूक अशी काहीच नव्हती त्या ओळीत.
घेतलेल्या जमिनीचे, टाकून दिलेल्या रस्त्याचे,
लांबून ओढत नेलेल्या पाण्याचे,
सगळ्या उपकारांतून सूट.
फेड पान एकोणीसवर.

उप.
शाळेत शहाणे बाईंनी उपसर्ग शिकवले होते:
उप म्हणजे जवळ.
उपराजधानी.
जवळ म्हणजे आत नाही,
हे व्याकरणात नव्हतं.
दोन आठवडे मंत्रालय येतं, हुरडा खातं,
संत्र्याच्या पेट्या बांधून घेतं;
शिक्के मात्र परतीच्या ट्रकमध्ये
सगळ्यात आधी चढतात.

पान तेवीसवर अनुशेष हवा होता,
जुळून आला होता अवशेष.
तो मी पाहिला, कुहीकरनं वाचला.
दोघंही पुढच्या ओळीवर गेलो.

काना मात्र खोडला.
समासात खूण, खाली सही, वेळ तीन चाळीस.
पगार त्याचाच मिळतो.

सकाळी प्रती सभागृहात गेल्या.
दुपारी तिथला शिपाई आला,
मला वाटलं, बोलावणं;
त्याला गठ्ठे बांधायला सुतळी हवी होती.
मागण्या मंजूर झाल्या होत्या, आवाजानंच,
हात कोणाला वर करावा लागला नव्हता.

महिनाअखेरीची पगारचिठ्ठी.
तिचं मुद्रितशोधन करायला कोणी बसत नाही,
तिच्यात कधी काना इकडचा तिकडे होत नाही.
व्यवसाय कर, दोनशे.
कुहीकरनं मोठ्यानं वाचलं
आणि पूर्णविराम म्हणायचं विसरला