चाळीस सेकंद

पंचवीस वर्षं मी चोपड्यात केबल टाकली.
खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून कडुनिंबात,
माकडांनी कुरतडली की पुन्हा जोड,
चिकटपट्टी दातांनी तोडून.
आता मी कंपनीचा एजंट. वायर काचेची,
केसाएवढी, तिला चिकटपट्टी चालत नाही.
गटारीसाठी जेसीबी आला
की अर्ध्या गावाच्या टीव्हीत
ते गोल फिरत बसतं.

सुपडाबाईंचा मुलगा उधन्याला, लूमवर सुपरवायझर.
त्याने त्रेचाळीस इंची धाडला, सोबत पासवर्ड:
एक अक्षर मोठं, दोन आकडे, एक चांदणी.
चांदणी शोधण्यात आमची दुपार गेली.

त्यांनी विचारलं, चित्र येतं कसं?
म्हटलं, केळीसारखं.
घडाच्या फण्या सुट्या करायच्या,
खोक्यांत भरायच्या, खोक्यावर नंबर.
एक खोकं शिरपूरवरून जाईल, एक रावेरवरून,
दिल्लीत पोचल्यावर नंबरानं लावून
पुन्हा घड उभा करायचा.
"आन एखादं खोकं रस्तामा ऱ्हायनं तं?"
तर बातम्या सांगणारी बाई थांबते,
तोंड अर्धं उघडं ठेवून.
म्हणून डबा आधी थोडं साठवतो.
नळाचा भरवसा असता
तर तुमच्या अंगणात हा निळा ड्रम असता?

ड्रम त्यांना लगेच पटला.

रविवारी फायनल.
शेजारी हिलाल टेलरकडे माझीच जुनी केबल.
भिंतीपलीकडून आरोळी आली: गया!
सुपडाबाईंच्या पडद्यावर गोलंदाज
अजून पॅन्टला चेंडू घासत होता.
हळूहळू. एकेक टाका दिसत होता चेंडूचा.
बाई त्या चेंडूकडे बघत राहिल्या,
ज्याचं काय झालं
ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रात्री फोन.
"भो, चित्र मस्त शे. घाम बी दिखस.
पन गाव हसी लेस,
मंग मना घरमा हसू येस.
तुनी ती काळी वायर शे का आजून?"

होती. माळ्यावर, वेटोळं करून,
वर पाखरांची घाण.

कनेक्शन तोडताना मोबाईलवर कारण भरावं लागतं:
महाग. स्पीड कमी. घर बदललं. इतर.
शिडी हिलालच्या भिंतीला टेकवली,
"इतर" दाबलं,
आणि वर चढेपर्यंत
ते गोल फिरतच होतं.