अंगठा

सोहारमध्ये ऑगस्टात जो कुणी पडतो
तो उन्हानेच पडतो.
गाडी दवाखान्याच्या दारात येते,
ड्रायव्हर काच खाली करून सांगतो, शम्स, शम्स,
आणि आमचे हात आपसूक चालू लागतात,
बर्फ, सलाईन, ओली चादर.

नसीमा परकारलाही तसंच आणलं.
वय एकोणतीस. श्रीवर्धनच्या अलीकडचं गाव.
घरकाम, दोन मजले, सहा मुलं.
बाहेर पंचेचाळीस होतं, तिच्या अंगात चाळीस.
कातडी लाल, भाजल्यासारखी,
बोट दाबलं की पांढरी, सोडलं की पुन्हा लाल.
डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका.
लिहूनही टाकलं.

मी मनगट धरून उभी.
नाडी पळत होती
आणि रक्तदाबाचा आकडा वर यायला तयार नव्हता.
दोनदा ओकली. सकाळपासून जुलाब.
पोटऱ्या कुणी पिळतंय म्हणाली,
मग म्हणाली, दूध उतू जातंय, कुणीतरी बघा.

उन्हात कधी गेली होतीस, नसीमा?
क्षणभर शुद्धीवर आली, जवळजवळ हसलीच.
ऊन?
ताई, ईदपासून गच्चीचं दारसुद्धा उघडलं नाही मी.

मग हे ऊन आलं कुठून?
काखेत लाल. पोटावर लाल.
डोळे लाल. जिभेला पुस्तकात स्ट्रॉबेरी म्हणतात,
मला फोडलेला रातांबा आठवला.

मिरजेला ओहोळ सिस्टर शिकवायच्या,
ताप, पुरळ, घसरलेला दाब, ओकारी, भरकटलेलं बोलणं
असं सगळं एकाच घरी एकाच दिवशी पाहुणं आलं
तर नाव नंतर शोधा गं,
आधी विचारा, आत काही राहिलंय का?
घोळणा फुटला म्हणून नाकात कोंबलेला बोळा,
जखमेतली पट्टी, बाळंतिणीच्या अंगातला कापूस.
कधी आत काहीच नसतं, भाजल्याचा एक चट्टा पुरतो.
विचारताना लाजू नका.
तिला तर मुळीच लाजू देऊ नका.

पडदा ओढला. विचारलं.

घड्या वाळत घालायला जागा नव्हती त्या घरात.
मोठ्या मुलीनं आपल्या डब्यातली एक दिली,
दोरीवाली, कापसाची कांडी.
कशी घालायची ते खुणेनं दाखवलं.
कधी काढायची, ते खुणेनं कसं दाखवणार?
पाळी थांबली आणि ही विसरली.
पाचवा दिवस होता.

बोटाएवढा कापूस.
स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला, आवाजही झाला नाही.

हे करणारा जंतू कुणाकुणाच्या नाकात
वर्षानुवर्षं राहतो, भाडं न देता, निमूट.
त्याला एखादी ओली, कोंदट, विसरलेली जागा लागते.
तो स्वतः बहुधा जागचा हलत नाही.
रक्त तपासायला पाठवलं तर रक्त स्वच्छ,
त्याचं विष तेवढं सगळ्या गावाला आग लावून येतं.

डॉक्टरांनी ऊन खोडलं.
त्यावर नवं नाव लिहिलं, घाईत, कलतं.
रात्री दोनला मोठ्या इस्पितळात, बाटलीमागून बाटली,
जंतूला मारणारं एक औषध
आणि त्याला विष बनवू न देणारं दुसरं.
चौथ्या दिवशी तिचा पहिला प्रश्न,
मोठ्या मुलीला कुणी ओरडलं नाही ना?

नंतर तळवे सुटू लागले.
बोटांच्या टोकांपासून, पापुद्रा पापुद्रा,
खाली गुलाबी, अगदी कोवळं.
हे होतं, म्हटलं, बरं होण्यातलंच आहे.

तीन आठवड्यांनी मस्कत विमानतळावरून फोन.
ताई, यंत्र अंगठा ओळखत नाही.
सात वेळा लावला. मागे रांग लागलीय.
सांग त्यांना, म्हटलं, आजारी होते,
जुना अंगठा गळून गेला, हा नवा आहे.
तेवढं अरबी येतं कुठे मला?

मग फोनमध्ये नुसती रांग ऐकू येत राहिली,
चाकांच्या बॅगा, एक रडणारं मूल.
नंतर सांगितलं तिनं,
काचेपलीकडच्या मुलीला
दोन्ही तळवे उघडून दाखवले फक्त.
ती बराच वेळ बघत होती.