विरोधातल्यांची चौकट

नियम पहिला मी लिहिला तो रूवीच्या कॅफेटेरियात,
कागदाच्या कोपऱ्यावर करकचा कप ठेवून,
नाहीतर एसीनं उडाला असता :
उमेदवाराचं निवेदन दीडशे शब्द.
सार्वमताच्या बाजूचं शंभर, विरोधातलंही शंभर.
गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत.
सहीशिवाय काहीही छापलं जाणार नाही.

सोपं वाटलं होतं.
दुसऱ्याच दिवशी कारखानीस बाईंचा फोन :
"ठोसर, शब्द म्हणजे नक्की काय?"
त्या इंग्रजीत लिहिणार, त्यांचे निम्मे
'ऑफ' नि 'द' नि 'टू' मध्येच खर्ची पडणार.
समोर धुरी मराठीत,
'कंपनीबाहेरच्यांनासुद्धा' एवढं सगळं एका शब्दात बसवून मोकळे.
हा अन्याय की व्याकरण,
तीन रात्री मला ठरवता आलं नाही.
शेवटी लिहिलं : दोन मोकळ्या जागांच्या मध्ये
जे उभं राहतं, तो शब्द.
त्या दिवसापासून धुरींनी मोकळी जागा सोडणंच सोडलं.
'पारदर्शककार्यक्षमहिशेब' असं काहीतरी आलं.
परत पाठवलं.

हसू नका.
सत्तावीस वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या पुलांचं सिमेंट मोजतो आहे.
तिकडच्या यादीतून नाव कधीच गळलं,
इकडच्या यादीत यायचा प्रश्नच नव्हता.
दारसैतच्या भाड्याच्या हॉलात
बुटांच्या खोक्याला फट पाडून जी पेटी होते,
तेवढीच माझी पेटी.

सार्वमताला प्रश्न एकच होता :
अभियंत्यांच्या या मंडळात डिप्लोमावाल्यांना, ड्राफ्ट्समनना
मत असावं का?

विरोधात पुष्कळ होते.
जिन्यात होते, पार्किंगमध्ये होते,
शुक्रवारच्या पोह्यांच्या बशीवर वाकून होते,
"हे आपलं तुम्हाला म्हणून सांगतो, नाव नको."
कागदावर कुणी नव्हतं.

बाजूनं एकच आलं. बाबाजी तुळसकर, वेंगुर्ल्याचे,
वादी कबीरच्या ऑफिसात एकोणीस वर्षं.
ड्रॉइंगशीटच्या तुकड्यावर, हातानं,
सगळी अक्षरं एका उंचीची :
"माझ्या रेषांवर तुमच्या सह्या आहेत.
माझीही एक सही असू द्या."
दहा शब्द. मी दोनदा मोजले.
नव्वद त्यांनी वापरलेच नाहीत.

बुधवारी रात्री विरोधातलं मीच लिहून पाहिलं.
म्हटलं, तोल हवा.
सांगलीची चार वर्षं, पाण्यासारखी मेसची आमटी,
दोनदा राहिलेला स्ट्रक्चर्सचा पेपर,
एवढं करून मिळवलेलं नावामागचं ते शेपूट,
ते काय असं वाटून टाकायचं?
सरसर शंभर भरले. एकही कमी नाही, जास्त नाही.
मोजून झाल्यावर कळलं,
तोलबिल काही नव्हता तो.
माझंच मत होतं.

नियम नववा : निवडणूक अधिकाऱ्यानं बाजू घेऊ नये.
तोही मीच लिहिलेला.
कागद खणात आहे. अजून फाडलेला नाही.

गुरुवारी सहा वाजले. मग साडेसहा.
कारखानीस म्हणाल्या, "रिकामी जागा कशाला वाया घालवता,
केटररची जाहिरात टाका, छपाईचे पैसे सुटतील."
मी नाही म्हटलं.
एका बाजूला दहा शब्द, दुसरीकडे काहीच नाही,
चौकटी मात्र सारख्या मापाच्या. नियम सहावा.

आखणीला तुळसकरच आले. दुसऱ्या कुणाला जमली असती?
पहिली चौकट एका दमात झाली.
दुसरीवर त्यांनी पट्टी लावली, उचलली,
चष्मा कपाळावर सारून पुन्हा लावली.
"अर्धा मिलिमीटर कमी भरत होती, साहेब," म्हणाले.
"विरोधातल्यांची."

आणि खोडून
पुन्हा आखली.