चीतपट

नारिनच्या तालमीत आम्ही अकराजण
शेगडीला पाठ लावून, एकाच फोनवर डोळे.
आयजारकिन जिंकली.
झेंडा अंगावर घ्यायच्या आधी
तिनं कोपऱ्यातून वस्तादांना मॅटवर ओढलं
आणि ढाक लावून सरळ चीत केलं.

सगळं स्टेडियम हसलं.
चोल्पोनबेक वस्ताद, साठी उलटलेले,
छताचे दिवे बघत पडून राहिले.
उठायची घाई दिसली नाही.

पदकाला फीत एक, गळाही एक.

पुढे बिश्केकला समारंभ. तिला फ्लॅटची चावी,
यांना नवा चपान, पांढरा कल्पाक
आणि एक प्रमाणपत्र, नावात अक्षर चुकलेलं.
ते त्यांनी कोळशाच्या खोलीत
फुटक्या काचेच्या जागी ठोकलं.
वारा थांबला.
"जाड कागद आहे," म्हणाले.

मॅट अजून तीच, चिकटपट्ट्यांनी जोडलेली.
परवा एक नवी पोर आली, नऊ वर्षांची,
आल्या आल्या विचारते,
"तुम्हाला कधी कोणी पाडलंय?"

वस्तादांनी मोडका कान चोळला.
"एकदा. टीव्हीवर.
बूट काढ आधी."