सहावी जागा

पहाटे सव्वापाच. पोरिरुआच्या खाडीत
पाणी अजून उठलेलं नाही.
सहा जणांची निमुळती होडी,
मी सुकाणूला, सगळ्यांत मागे.
मला चेहरे दिसत नाहीत. पाच पाठी दिसतात.

मधली पाठ पारेकुराची.
जमिनीवर ती मार्चपासून कुणाशी बोलत नाही.
होडीत एकच शब्द, दर चौदा वल्ह्यांनी: हप्!
की सगळी वल्ही बाजू बदलतात.
चौदापर्यंत मोजताना
डोक्यात दुसरं काही मावत नाही.
माझ्याही. गोळ्यांची डबी गाडीतच राहते.

आज पंधरा झाले. सोळा. वीस.
हाक नाही.
मधली पाठ हलत होती,
पण वल्ह्याच्या लयीत नाही.
कुणी वळून पाहिलं नाही.
उजवे खांदे पेटले, होडी डावीकडे ओढू लागली,
मी पातं टेकवून सरळ धरली.
पाठ फिरवणं म्हणजे सोडून जाणं,
असंच मी आजवर समजत होतो.

एकेचाळिसाव्याला आली,
ओली, चिरकी: हप्.
सहा वल्ही डावीकडे.

किनाऱ्यावर होडी उचलताना ती म्हणाली,
"आज जड लागतेय."
"हो," कुणीतरी म्हणालं, "पाणी शिरलं असेल."
आणि आम्ही ती
जरा सावकाश नेली.